काशीरामकाकांचं नाक आणि नंदावहिनींचा कुकर

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात कोणाचा मिक्सर बंद पडला किंवा इस्त्री शॉक द्यायला लागली, की माणसं तळमजल्यावरच्या काशीराम राऊळांच्या खिडकीशी येतात. खिडकीच्या आत टेबल, टेबलामागे काका, आणि काकांच्या चेहऱ्यावर असा भाव, की ही वस्तू तुम्हीच बिघडवलीत आणि आता तोंड वर करून इथे आलात. 'काय झालं?' असं ते विचारत नाहीत. गिऱ्हाईक आपणहून सांगायला लागलं, तर हात वर करून त्याला गप्प करतात. मग वस्तू जवळ ओढतात, डोळे मिटतात आणि तिचा वास घेतात.

हसू नका. इथल्याच एका कारखान्यात काकांनी पस्तीस वर्षं विजेच्या मोटारींच्या खात्यात काढलीत. जळलेल्या वार्निशचा वास कसा, तापलेल्या रबराचा कसा, नव्या प्लेटवरचं तेल पहिल्यांदा तापतं तेव्हा कसा, हे सगळं त्यांच्या नाकात पक्कं बसलंय. नवा इलेक्ट्रिक कुकर घेतला की घाण वास येतो म्हणून घाबरून येणाऱ्या बायका तर महिन्याला दोन-चार. त्यांना काका एकच सांगतात, "नुसतं पाणी आणि अर्धं लिंबू टाकून दोनदा उकळव. जातो वास. एवढ्यासाठी जिना उतरून आलीस?"

एकदा घाटकोपरच्या एका शाकाहारी सोसायटीतून त्यांना बोलावणं आलं. स्वयंपाकघरात मासळीचा वास येतो म्हणून तिथल्या बाईंनी कामवालीला काढून टाकायचं ठरवलं होतं. काकांनी दारातच नाक वर केलं, सरळ भिंतीपाशी गेले आणि फ्रिजचा प्लग उपसून काढला. आतला प्लास्टिकचा भाग तापून वितळत होता, आणि तो वितळताना अगदी कुजक्या मासळीसारखा वास मारतो. "मी मालवणचा माणूस. मासळी कुठली आणि प्लास्टिक कुठलं, हे मला कळणार नाही होय?" म्हणाले. कामवालीचं काम राहिलं. ही गोष्ट काकांनी निदान शंभर जणांना सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी ती वीतभर लांबली.

तर असं हे नाक. त्याचा काकांना भारी अभिमान. आणि त्या अभिमानानेच एका शनिवारी घोटाळा केला.

त्या शनिवारी मिथुन खरात इलेक्ट्रिक कुकर काखेत मारून खिडकीशी उभा राहिला. त्याच्यामागे दोन पावलांवर त्याची आई, नंदावहिनी. मिथुनचे वडील भाऊराव कारखान्यात पॅकिंगला होते. काकांची आणि त्यांची जेवणाच्या सुट्टीतली दोस्ती. भाऊराव जाऊन सहा वर्षं झाली. मिथुन लग्नानंतर बोरीवलीला राहायला गेला आणि वहिनी पलीकडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्याच राहिल्या.

"काका, टेन्शन आलंय यार," मिथुन म्हणाला. "याच्यातून जळका वास येतो. शेजारच्या माधुरीताईंनी दोनदा फोन केला मला. आईला विचारलं तर म्हणते, काही नाही."

काकांनी हात वर केला. मिथुन गप्प झाला. काकांनी झाकण बाजूला केलं, आतलं भांडं काढलं, प्लेटजवळ नाक नेलं. मग कुकर उपडा करून तळाचे स्क्रू खोलले आणि वायर अन् वायर बघितली. प्लेटवर आणि मधल्या बटणावर करड्या रंगाची करपट खपली धरली होती. बाकी सगळं लखलखीत. भांडं तर इतकं चकाचक, की त्यात तोंड दिसावं.

"मशीन एक नंबर आहे," काका म्हणाले. खपली बारीक पॉलिशपेपरने घासून काढताना त्यांना जरा चेव चढला होता. बघणारी माणसं समोर असली की त्यांना चढतोच. "वायरिंगचा वास नाही, रबराचा नाही, प्लास्टिकचा नाही. जळलेलं पीठ आणि साबण. मशीन कधी स्वतःहून पीठ सांडत नाही, मिथुन. दोष असला तर तो वापरणाऱ्या हाताचा."

मिथुनने वळून आईकडे बघितलं. वहिनींनी पदर सारखा केला.

काकांनी कुकर बांधून दिला, आणि तोंडाने किती घाण केली हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी नलिनीकाकी भाजी घेऊन आल्या त्या पिशवी न ठेवताच उभ्या राहिल्या. चाळीस वर्षं मुंबईत काढूनही रागावल्या की काकींची भाषा सरळ मालवणला जाते.

"तुमच्या नाकाचा कौतुक पुरे झाला आता," त्या म्हणाल्या. "त्या बायची खोली सुटताहा."

"कोणाची?"

"नंदावहिनींची. परत वास येवक लागलो. माधुरीन परत फोन केल्यान. रविवारी मिथुन नेवक येताहा. कायमचा. खोलीक कुलूप."

"मग त्यात माझा काय संबंध?"

"तुमीच सांगलात ना, मशीन बरा आसा, दोष हातात आसा म्हणान?"

"मगे खोटा सांगू?" काकांचाही पारा चढला.

काकी पिशवी घेऊन आत गेल्या. भांड्यांचा आवाज जरा जास्तच आला. मग आतूनच म्हणाल्या, यावेळी साध्या आवाजात, "खोटं नका बोलू. पण अर्धं बघून पूर्ण कशाला बोललात?"

हे मात्र काकांना लागलं. त्या दुपारी बांगड्याची कढी होती, तरी ते दोन घास खाऊन उठले. कारण आता त्यांना सगळी गोष्ट जुळायला लागली होती. चार महिन्यांपूर्वी वहिनींच्या घरी दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस तसाच चालू राहिला होता. कोणाच्याही घरी होतं, पण वहिनी एकट्या आणि सत्तरीला टेकलेल्या. मिथुन इतका हादरला की त्याने सिलेंडरच उचलून नेला. वहिनी एका शब्दाने भांडल्या नाहीत. त्याच्या बदल्यात तो हा कुकर आला. आता कुकरचाही वास. आणि काशीराम राऊळसारखा जाणता माणूस छातीठोकपणे सांगतो, की मशीनमध्ये काही नाही. म्हणजे उरलं काय? म्हातारीचं डोकं. मिथुनने दुसरा अर्थ लावायचा तरी कसा? चांगला पोरगा, आईवर जीव, रात्रंदिवस त्याच्या मनात एकच येत असणार, की उद्या आग लागली तर?

गुरुवारी सकाळी काका तीन जिने चढून गेले. गुडघे कुरकुरत होते, पण गेले.

खोलीत दोन बॅगा भरून ठेवलेल्या. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि भाऊरावांचा फोटो तेवढे जागेवर. दारामागच्या खिळ्याला एक मोठी किल्ली लोंबत होती. ती विहाराच्या कपाटाची. बारा वर्षं झाली, दर रविवारी सकाळी सतरंज्या घालायचं, मेणबत्त्या काढून द्यायचं काम वहिनींचं. सतरंजीची एक कड जरी वाकडी राहिली तरी वहिनी उठून सरळ करतात, हे अख्ख्या नगराला माहीत.

"किल्ली कोणाला द्यावी तेच ठरत नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "पोरी चांगल्या आहेत, पण विसरतात."

"जायचं नक्की का मग?"

"मिथुन झोपत नाही म्हणे माझ्या काळजीनं. मग काय करावं?" त्यांनी चहाचा कप पुढे केला. चहा कुकरमध्येच केलेला, हे काकांच्या नाकाला कळलं. "तिकडं सगळं चांगलं आहे. चौदावा मजला, वारा, लिफ्ट. सपना लाख माणूस आहे, सुनेसारखी वागत नाही. पण भाऊ, खरं सांगू? तिथं गेलं की दुसऱ्या दिवशी मला कळत नाही, मी कुठं बसू. इथं मला कोणी विचारत नाही, मी का बसले म्हणून."

एवढं बोलून त्यांचे डोळे भरले. त्यांनी ते लपवलेही नाहीत. काकांनी खिडकीबाहेर बघितलं. त्यांना असलं काही समोर आलं की काय करावं सुचत नाही.

मग ते एकदम म्हणाले, "वहिनी, भात लावा."

"आत्ता? अकरा वाजलेत."

"लावा. मला बघायचंय. परवा अर्धं बघून बोललो मी, आज पूर्ण बघतो."

वहिनी घुटमळल्या. मग उठल्या. तांदूळ मोजून घेतले, तीन पाण्यांनी धुतले, ते पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं. भांड्यात बोटाच्या पेराने पाणी मोजलं. एक हात चुकला नाही. या बाईचं डोकं ठिकाणावर नाही असं म्हणणाऱ्याने आधी स्वतःचं तपासावं, असं काकांच्या मनात आलं, आणि म्हणणारे आपणच हे आठवून त्यांनी जीभ चावली.

इतकं झाल्यावर वहिनी थांबल्या. भांडं ओट्यावर, हात भांड्यावर आणि पाठ काकांकडे.

"लावा ना कुकरमध्ये," काका म्हणाले.

"लावते. तुम्ही चहा घ्या."

काकांचं नाक तोवर कामाला लागलं होतं. ओली कणीक, आणि तिच्यात भांडी घासायची पावडर. ते उठून ओट्यापाशी गेले. बरण्यांच्या मागे एक वाटी होती, तिच्यात करड्या रंगाचा घट्ट लेप कालवलेला.

काकांनी वाटी उचलली. बोटाने लेप चोळून बघितला. आणि तिथल्या तिथे त्यांना सगळं समजलं. चुलीवर भांडं चढवायच्या आधी बायका बुडाला बाहेरून राखेचा नाहीतर मातीचा लेप देतात. काजळी त्या लेपावर धरते, लेप धुतला की काजळीही जाते आणि भांडं होतं तसं निघतं. काकांच्या आईनेही उभा जन्म तेच केलं होतं. इथे राख कुठली, म्हणून कणीक आणि पावडर.

"वहिनी, तुम्ही कुकरच्या भांड्याला लेप देता?"

वहिनी चोरी पकडल्यासारख्या उभ्या.

"अहो, करंटवर कुठली काजळी?"

"काजळी धरत नाही, हे मला कळतं, भाऊ," वहिनी म्हणाल्या. आवाज खाली गेला होता. "पण पहिल्याच दिवशी बुडाला तांबूस डाग पडला. एवढा गोल. घासून घासून हात दुखले, जाईना. लिंबू लावलं, चिंच लावली. तिसऱ्या दिवशी कुठं गेला. वस्तू सपनाची आहे. तिच्या आईनं तिला घेऊन दिलेली. माझा गॅस नेला तेव्हा तिनं स्वतःच्या ओट्यावरून उचलून आणून दिली. दुसऱ्याचं भांडं काळं करून परत कसं द्यावं?"

काकांनी वाटी खाली ठेवली.

"आमच्या वस्तीत मोठं पातेलं एकच होतं," वहिनी सांगू लागल्या. "परतूरजवळच्या गावात, माझ्या लहानपणी. सगळ्या वस्तीनं मिळून घेतलेलं. लग्न असो, बारसं असो, तेच. गावातून भांडं मिळायचा प्रश्नच नव्हता, आम्हाला कोण देणार? मग त्या पातेल्याला जपायचं. ज्याच्या घरी जाईल त्यानं आधी लेप द्यायचा आणि मगच चुलीवर चढवायचं. परत देताना माझी आजी ते उन्हात धरून चारी बाजूंनी दाखवायची. काळं परत दिलं तर पुढच्या वेळी कोणत्या तोंडानं मागायचं?"

"मग हे मिथुनला का नाही सांगितलंत? त्याला वाटतं तुम्हाला भान राहत नाही. घर सुटायची वेळ आली तुमचं."

"कसं सांगू?" वहिनी म्हणाल्या. "सांगितलं तर सपनाला काय वाटेल? ती मला आई म्हणते आणि मी तिची वस्तू परक्याची म्हणून वापरते? पोरीचं मन मोडेल. त्यापेक्षा माझं डोकं फिरलं असं वाटू द्या. म्हातारपणी फिरतंच. आणि तुम्हीही सांगायचं नाही, भाऊ. भाऊरावांची शपथ आहे तुम्हाला."

झाली पंचाईत. आता काका जिना उतरले ते एकेक पायरीवर थांबत. वास सापडला होता, पण सांगायची सोय नव्हती. वहिनींना लेप देऊ नका म्हणावं, तर डाग पडणार आणि त्यांचा जीव टांगणीला लागणार. मिथुनला खरं सांगावं, तर शपथ आडवी. मशीन बिघडलं होतं म्हणून थाप मारावी, तर आठवड्याभरात पुन्हा लेप आणि पुन्हा वास. त्या दिवशी त्यांनी दोन इस्त्र्या उघडल्या आणि दोन्ही तशाच बंद करून ठेवल्या.

संध्याकाळी नलिनीकाकींना त्यांनी सगळं सांगितलं. बायकोला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे, असा त्यांनी शपथेचा अर्थ लावला. काकी ऐकत होत्या आणि मांडणीवरचे डबे पुसत होत्या. पुसता पुसता त्यांनी एक जुना पितळेचा डबा काकांच्या हातात दिला.

"ह्यो कोणाचो?"

काकांनी डबा फिरवला. काठाखाली टिपक्या-टिपक्यांनी कोरलेलं होतं, सौ. नलिनी काशीराम राऊळ. काकांनीच कोरलेलं, कारखान्यात मोटारींवर नंबर घालायचं मशीन हाताशी होतं तेव्हा. नवं लग्न झालेलं, घरातलं प्रत्येक भांडं सासूचं, आणि आपण कुठल्या डब्यात हात घालावा हे काकींना कळत नसे. हा पहिला डबा त्यांचा झाला. काका डब्याकडे बघत राहिले. मग उठून त्यांनी पलंगाखालची पेटी ओढली आणि पुढे कारखान्याच्या भंगारातून विकत घेतलेलं ते जुनं मशीन बाहेर काढलं.

शनिवारी दुपारी सपना आली. काकांनीच तिला फोन केला होता, मिथुनला नको म्हणून बजावून. सपना घाटकोपरला एका लॅबमध्ये रक्त तपासते. बोलणं एकदम सडेतोड.

"काका, लवकर बोला, मला परत ड्युटीवर जायचंय. नक्की काय प्रॉब्लेम आहे कुकरचा? उद्या आईंना आम्ही नेतोय, तुम्हाला माहीतच असेल. मलाही नाही पटत ते, पण मिथुनला काय सांगू मी?"

"उपाय एकच आहे," काका म्हणाले. "कुकरच्या भांड्यावर तुझ्या सासूचं नाव घाल."

सपना बघतच राहिली. "काका, मी वासाबद्दल विचारतेय ना."

"मी पण त्याच्याबद्दलच सांगतोय."

"नाव घातल्याने वास जाणार?"

"जाणार. का ते विचारू नको. शपथेवर आहे मी."

दुसरी कोणी असती तर हसून निघून गेली असती. सपना गेली नाही. तिने खिडकीच्या गजावर हात ठेवला आणि विचार करू लागली. एकेक गोष्ट आठवत असल्याचं तोंडावर दिसत होतं.

"मी आले ना," ती हळूहळू म्हणाली, "की प्रत्येक वेळी ते भांडं जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेलं असतं. आई ते सोडून मला दाखवतात. बघून घे म्हणतात. मला वाटायचं, किती टापटीप बाई आहे. मी म्हणायचे, मस्त हं आई, आणि मोबाइल बघायचे." ती थांबली. "काका, त्या ते मला परत द्यायचंय म्हणून जपतायत?"

काकांनी मशीनची वायर उलगडली. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

सपना भराभरा पलीकडच्या इमारतीचा जिना चढून गेली. पाच मिनिटांनी खाली आली ती साडीत गुंडाळलेलं भांडं छातीशी धरून. नाक लाल झालेलं.

"मी नुसतं म्हटलं, आई, कुकरचं भांडं द्या जरा," ती म्हणाली. "का म्हणून विचारलंही नाही त्यांनी. उघडून सगळीकडून दाखवलं मला. म्हणाल्या, बघ गं, कुठं डाग नाही. चार महिने सांभाळलं. आणि असं तोंड केलं, काका, जसं काही सगळं घरच माझ्या हातात देतायत." तिने मनगटाने डोळे पुसले. "मी चार महिने एकदा तरी म्हणायला हवं होतं ना, की आई, हे तुमचं आहे."

"म्हटलं असतंस तरी त्यांनी ऐकलं नसतं," काका म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोणा गिऱ्हाइकाची समजूत काढली असेल. "बोल, काय कोरू? सासूबाईंना सुनेकडून सप्रेम भेट?"

"नको. माझं नाव नकोच. भेट म्हटलं की देणारा आलाच. फक्त त्यांचं घाला."

काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. मशीन करकरू लागलं. काठाखाली एकेक टिपका उमटत गेला. हात आता पूर्वीसारखा स्थिर नव्हता, 'भाऊराव'मधला काना जरा तिरका गेला. काकांनी शिवी हासडली. सपना म्हणाली, "राहू द्या, छान दिसतोय."

दोघं वर गेली तेव्हा वहिनी ओट्यापाशी उभ्या होत्या आणि कुकरची नुसती रिकामी प्लेट ओल्या फडक्याने पुसत होत्या. पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं. सपनाने भांडं त्यांच्या हातात दिलं. वहिनींनी सवयीने ते फिरवलं आणि बोट खरखरीत जागेवर अडकलं.

वहिनी मोठ्यांच्या वर्गात वाचायला शिकल्या, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. अजूनही बोट ठेवूनच वाचतात. त्यांनी बोट ठेवलं.

"नं... दा," त्या म्हणाल्या. "नंदा. भा... ऊ... राव. खरात."

मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग सपनाकडे बघितलं.

"आता मला परत नाही घेता येणार," सपना म्हणाली. "दुसऱ्याचं नाव असलेलं भांडं आमच्याकडे ठेवत नाहीत. माझी आई ओरडेल."

वहिनींनी भांडं ओट्यावर ठेवलं आणि सुनेचा चेहरा दोन्ही हातांत धरला. काका दाराबाहेर जाऊन जिन्याच्या कठड्याला टेकले आणि समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे बघत उभे राहिले. त्यांचंही नाक गळायला लागलं होतं, आणि ते धूळ म्हणून सांगायला तिथे धूळ नव्हती.

रविवारी सकाळी मिथुन आला. वहिनी विहारातून सतरंज्या घालून परतल्या होत्या. खोलीत सपना होती, काकी होत्या आणि खुर्चीत काका. कुकर चालू होता. झाकणाखालून वाफ निघत होती, आणि वास होता तो फक्त भाताचा.

"मिथुन," काका म्हणाले, "त्या दिवशी मी बोललो, की दोष हाताचा आहे. ते चुकीचं बोललो."

नलिनीकाकींनी मान वर केली. चाळीस वर्षांच्या संसारात हा शब्द त्यांनी या तोंडून ऐकला नव्हता.

"म्हणजे मशीनच बिघडलेलं होतं?" मिथुनने विचारलं.

"मशीन नाही. मी बिघडलो होतो. नाकाने कळलं तेवढं सांगितलं आणि शहाणा झालो. या बाईच्या हातात दोष नाही, डोक्यात नाही. मी समोर बसून बघितलंय. वास कशाचा होता ते मला सापडलं, तो मी बंद केलाय. आणि परत आला, तर माझ्या खिडकीतलं टेबल काढून टाक. मी धंदा बंद करीन."

मिथुन एकदा काकांकडे, एकदा आईकडे बघत राहिला. त्याला सगळं कळलं नव्हतं हे दिसत होतं. त्याने सपनाकडे पाहिलं.

"राहू दे ना रे त्यांना," सपना म्हणाली. "मी सांगतेय ना. आणि दर शनिवारी मी इथे उतरत जाईन. लॅबपासून काय लांब आहे?"

मिथुन खाली बसला. आईच्या बॅगेवर हात ठेवून म्हणाला, "आई, मला भीती वाटते गं तुझ्यासाठी. बाकी काही नाही."

"मला ठाऊक आहे, राजा," वहिनी म्हणाल्या. "तू जेव आधी."

त्या दिवशी बॅगा उघडल्या गेल्या. विहाराची किल्ली खिळ्यावरच राहिली.

याला आता तीन महिने होऊन गेले. काका घाटकोपरच्या फ्रिजची गोष्ट अजून सांगतात. ही मात्र कोणाला सांगत नाहीत. ती मला काकींकडून कळली. मध्यंतरी एका शनिवारी वहिनींनी दोघांना जेवायला बोलावलं. सपनाही होती, चटईवर पाय पसरून शेंगा सोलत. वहिनींनी भांडं कुकरमधून उचलून सरळ पाटावर ठेवलं आणि वाढायला घेतलं. वाढताना ते जरा कलंडलं, तशी काकांची नजर बुडाकडे गेली. चांगला पुरीएवढा गोल, तांबूस काळा डाग पडलेला. घासल्याची खूण नाही.

"वहिनी, बूड काळं झालं की," काका म्हणाले.

वहिनींनी वळूनही बघितलं नाही.

"होऊ द्या," त्या म्हणाल्या आणि काकांच्या ताटात भाताचा दुसरा डाव घातला. "माझंच तर आहे."